जिन्याखालची यंत्रं

वीबेला यंत्रांचं वेड आहे, असं त्याची बायको रेन्स्के चारचौघांत सांगायची. वीबेला ते मान्य नव्हतं.

"वेड कसलं त्यात? तुझे चार कष्ट वाचावेत म्हणून आणतो."

"कष्ट वाचवायचेत ना? मग ती यंत्रं धुवायला लाग. निम्मे कष्ट त्यातच आहेत."

हा वाद त्यांच्या संसाराइतकाच जुना होता. लग्नानंतरच्या पहिल्याच हिवाळ्यात वीबेनं दही लावायचं यंत्र आणलं. नारिंगी रंगाचं, गोल, आत काचेच्या छोट्या बरण्या. दूध रात्रभर कोमट ठेवायचं एवढंच त्याचं काम. त्या वर्षी त्यांच्या वोर्कुम गावात ज्याच्या त्याच्या घरी ते दिसत होतं आणि जो तो दुसऱ्याला दही खाऊ घालत होता. रेन्स्केनंही मोठ्या हौसेनं महिनाभर दही लावलं. मग एक दिवस बरण्या घासता घासता ती म्हणाली, "वीबे, दूधवाला दारात दह्याची बाटली ठेवून जातो. ती मी आजवर कधी घासलेली नाही." यंत्र जिन्याखालच्या खोलीत गेलं.

पुढे त्याला सोबत मिळत गेली. वितळलेल्या चीजमध्ये पाव बुडवून खायच्या भांड्याचा एक हिवाळा आला. सगळी गल्ली एकमेकांकडे जेवायला, आणि सगळ्यांच्या जिभा भाजलेल्या. मग विजेवर चालणारी सुरी आली. ती लावली की कुत्रा सोफ्याखाली जायचा. अंडी उकडायचं यंत्र आलं. पावाच्या यंत्राच्या वर्षाची आठवण तर अजूनही लोक काढतात. सकाळी सगळ्या घरांतून एकच वास, आणि प्रत्येक पावाच्या बुडाला पात्याचं भोक. शेजारची आल्त्ये म्हणायची, "लोणी लावावं तर खालून गळतं, गं बाई. पुढच्या वर्षी बेकरीतलाच आणू." आणि पुढच्या वर्षी सगळे मुकाट्यानं बेकरीच्या रांगेत उभे राहिले.

जिन्याखालच्या त्या खोलीला रेन्स्के 'वृद्धाश्रम' म्हणायची. वीबे काही शोधायला तिथं वाकून शिरला की स्वयंपाकघरातून आवाज यायचा, "भेटून आलास का मंडळींना? बरी आहेत ना सगळी?"

वीबे चिडायचा नाही. तो पुलावर कामाला होता. कालव्यावरचा उचलता पूल. शिडाची बोट आली की रस्त्यावरचं फाटक लावायचं, पूल वर घ्यायचा, गळाच्या काठीला बांधलेला लाकडी बूट बोटवाल्यापुढे सोडायचा, आणि त्यानं त्यात टोलचं नाणं टाकलं की हात करून त्याला निरोप द्यायचा. उन्हाळ्यात श्वास घ्यायला फुरसत नसे. पण शरद ऋतू लागला की बोटी आटायच्या. मग पुलाशेजारच्या त्या काचेच्या खोपटात दिवसभर एकटा वीबे, थर्मासमधली कॉफी आणि पोस्टानं आलेले दुकानांचे कॅटलॉग. त्यातल्या चित्रांत प्रत्येक यंत्राशेजारी एक बाई उभी असायची आणि ती मनापासून हसत असायची. वीबेला यंत्राचं फारसं काही नव्हतं. त्याला ते हसू घरी न्यायचं होतं. पण हे त्यानं कुणाला कधी सांगितलं नाही, कारण त्याचं त्यालाच ते धड ठाऊक नव्हतं.

मग एका वसंतात पुलावर कॅमेरे बसले. लांबच्या एका कचेरीत बसलेला माणूस पडद्याकडे बघत एकाच वेळी कितीतरी पूल उघडू-मिटू लागला. वीबेला निवृत्तीच्या वयाआधीच घरी पाठवलं. निरोपाला केक होता, भाषण होतं, फुलांचा गुच्छ होता. गुच्छ फुलदाणीत ठेवता ठेवता रेन्स्के सवयीनं बोलून गेली, "घे. इतकी वर्षं तू यंत्रांना जिन्याखाली टाकत होतास, आता यंत्रानंच तुला टाकलं."

बोलली आणि तिनं जीभ चावली. वीबे हसला खरा, पण डोळ्यांनी नाही. त्या संध्याकाळी तिनं त्याला न विचारता अंडी उकडायचं यंत्र बाहेर काढलं, दोन अंडी उकडली आणि म्हणाली, "चांगली होतात की." दुसऱ्या दिवशी यंत्र परत जिन्याखाली गेलं. पण वीबेला ते लक्षात राहिलं.

घरी बसलेल्या वीबेला आता कॅटलॉगच्या जोडीला टीव्ही मिळाला. तिथं सकाळभर माणसं ओरडून ओरडून वस्तू विकायची. वाफेनं फरशी पुसायची काठी आली, फळांचा रस काढायचं धूड आलं. आणि रेन्स्केच्या वाढदिवसाला बटाटे सोलायचं यंत्र आलं.

वाढदिवसाला नेहमीसारख्या खुर्च्या गोलाकार मांडल्या होत्या. मुलगी नीन्के ख्रोनिंगनहून आली होती, आल्त्ये होती, रेन्स्केच्या बहिणी होत्या. सगळ्यांसमोर वीबेनं खोकं उघडलं आणि प्रात्यक्षिकच सुरू केलं. पिंपासारख्या भांड्यात बटाटे टाकले, पाणी ओतलं, बटण दाबलं. आत दगडगोटे पडल्यासारखा आवाज झाला. झाकण काढलं तर बटाटे सोललेले होते, पण गोट्यांएवढे झालेले आणि डोळे जिथल्या तिथे.

"बाबा, हे बटाटे आहेत की गोळ्या?" नीन्के हसून हसून बेजार झाली. सगळेच हसले. रेन्स्केही हसली, तिनं केक कापून सगळ्यांना वाढला. पण पाहुणे गेल्यावर ती खुर्च्या उचलायला लागली तेव्हा वीबेला तिच्या पाठीवरूनच कळलं की काहीतरी बिनसलंय.

"आवडलं नाही का गं?"

"बटाटे सोलण्यापासून मला सोडव, असं मी कधी म्हटलं होतं तुला?"

"अगं, रोजचं ते काम. रोज तेच..."

"रोजचं आहे म्हणूनच." तिनं खुर्ची खाली ठेवली. "दुपारची चारला मी खिडकीशी बसते. मांडीवर वर्तमानपत्र, पुढ्यात पातेलं. रस्त्यावरून कोण गेलं, कोण आलं ते बघते. दिवसभरात मी बसते ती तेवढीच, वीबे. आणि तेवढ्या वेळात माझ्याकडे कुणी काही मागत नाही. तू तेच काढून घ्यायला निघालास."

इतकी वर्षं एका घरात काढली, पण खिडकीतलं ते बसणं म्हणजे काम नसून विसावा आहे, हे वीबेच्या कधी ध्यानातच आलं नव्हतं.

त्या एप्रिलच्या अखेरीस देशाच्या राणीचा वाढदिवस आला. त्या दिवशी वोर्कुमच्या रस्त्यांवर लोक दारापुढे चादरी अंथरून घरातलं नको असलेलं विकतात. रेन्स्केनंही चादर अंथरली आणि वृद्धाश्रम रिकामा करायला काढला. वीबे दारात हात बांधून उभा. त्याच्या डोळ्यांदेखत दह्याचं यंत्र गेलं, चीजचं भांडं गेलं, रस काढायचं धूड एका तरुण जोडप्यानं दोघांनी मिळून उचलून नेलं. त्याला ते बघवेना. "मी जरा पाय मोकळे करून येतो," म्हणाला आणि गेला.

तासाभरानं परत आला तो काखेत खोकं घेऊन. वॅफल भाजायचं यंत्र. दुसऱ्या कुणाच्या तरी चादरीवरून उचललेलं.

रेन्स्केनं खोक्याकडे बघितलं, मग त्याच्याकडे बघितलं, आणि ती चादरीवरच बसली. आधी तिचे खांदे हलले. मग ती मोठमोठ्यानं हसायला लागली, इतकी की डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि आल्त्ये आपली चादर सोडून काय झालं बघायला धावत आली. कॅटलॉगमधल्या कुठल्याही बाईपेक्षा ती छान हसत होती. वीबे खोकं घेऊन तसाच उभा राहिला.

काही यंत्रं विकली गेलीच नाहीत: विजेची सुरी, पावाचं यंत्र, अंड्यांचं आणि बटाट्यांचं. ती पुन्हा जिन्याखाली गेली.

त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये, सकाळच्या कॉफीच्या वेळी, रेन्स्केच्या हातातून कप निसटला. "असा कसा पडला," असं ती म्हणाली, निदान म्हणायला गेली. पण शब्द तोंडातच गोळा झाले आणि ओठाची उजवी कड खाली ओघळली. वीबेनं तिला पडता पडता धरलं. अँब्युलन्स आली. लेउवार्डनच्या हॉस्पिटलात डॉक्टरांनी सांगितलं, मेंदूत रक्ताची गुठळी झाली आहे, जीव वाचला आहे, पुढचं हळूहळू कळेल.

बोलणं परत आलं. पाय परत आला, थोडा ओढत. उजवा हात मात्र आला नाही. काही आठवडे व्यायामाच्या केंद्रात काढून ती घरी आली तेव्हा तो हात मांडीवर ठेवलेला असायचा, कुणीतरी सांभाळायला दिलेल्या वस्तूसारखा.

वीबेनं कंबर कसली. धुणं, झाडणं, बाजार, स्वयंपाक, सगळं अंगावर घेतलं. तिला खुर्चीतून उठू देईना. ग्लास पुढे सरकवायचा, पावाला लोणी लावून तुकडे करून द्यायचा, स्वेटरची बटणं लावायचा. नीन्के फोनवर म्हणायची, "बाबा, तुम्ही ग्रेट आहात हं." वीबेलाही आतून तसंच वाटायचं. रेन्स्के मात्र दिवसेंदिवस गप्प होत चालली होती.

आणि मग वीबेला जिन्याखालची मंडळी आठवली. मनात आलं तेव्हा त्याला थोडी लाजही वाटली, कारण आधी आला तो आनंद. इतकी वर्षं ज्यांची थट्टा झाली त्यांची आता वेळ आली होती. एका हातानं काम करणाऱ्या बाईला नाही लागणार यंत्रं, तर कुणाला लागणार? त्यानं सगळी बाहेर काढली, पुसली, ओट्यावर ओळीनं मांडली.

"हे बघ," तो म्हणाला. "आता बघच तू."

पण यंत्रांनी दगा दिला. पावाच्या यंत्रातलं भांडं बाहेर काढायला एका हातानं यंत्र दाबून धरायचं आणि दुसऱ्यानं भांडं फिरवायचं. डावा हात भांड्याला, तर यंत्र धरायला कोण? ते सगळंच भांड्याबरोबर वर उचललं जायचं. विजेच्या सुरीनं पाव कापायचा तर पाव धरायला हात हवा. रेन्स्केनं एकदा प्रयत्न केला. पाव ओट्यावरून सरकत सरकत थेट भिंतीला टेकला आणि सुरी घरघरत राहिली. वीबेनं झटकन पुढे होऊन तिचं बटण बंद केलं.

"दोन हातांच्या बाईसाठीच केलंय रे हे सगळं," रेन्स्के म्हणाली. "जिला गरज नाही तिच्यासाठी."

अंड्याचं यंत्र तेवढं चाललं. झाकण हलकं होतं, पाणी डाव्या हातानं ओतता यायचं, अंडी एकेक करून ठेवता यायची, आणि झाली की यंत्र किणकिणायचं. रेन्स्केनं स्वतःचं अंडं स्वतः उकडलं. घरी आल्यापासून तिनं एकटीनं केलेली ती पहिली गोष्ट. अंड्याला चमचा मारता मारता ती त्याच्याकडे न बघताच म्हणाली, "बोल. बोलून टाक एकदा, तुला काय बोलायचंय ते."

वीबेनं मीठदाणी हातात घेतली. "मीठ देऊ का?" एवढंच त्यानं विचारलं.

"माझं मी घेते," रेन्स्के म्हणाली. पण तिच्या ओठाची डावी कड जराशी वर गेली होती.

त्यानं धीट होऊन वीबेनं दुसऱ्या दिवशी चूक केली. त्यानं बटाट्यांचं यंत्र लावलं. ते चालतही होतं. एका हातानं बटाटे टाकता येत होते, बटण दाबता येत होतं. त्यानं तिला हाक मारली. ती स्वयंपाकघराच्या दाराशी काठी टेकून उभी राहिली. आतले बटाटे खडखडत होते. तिनं थोडा वेळ ऐकलं आणि ती मागे वळली. जेवताना तिनं बटाट्याला हात लावला नाही.

"अगं, खा ना थोडं."

"नको."

"मी काय केलं ते तरी सांग."

"काही नाही केलंस." तिनं ताटली बाजूला सारली. "सगळं तूच करतोस, वीबे. सगळं. मी इथं पाहुणी आहे का? पाहुण्यालाही लोक म्हणतात, चल, जरा भाजी निवड." आणि तिला रडू फुटलं. आजारपणात ती रडली नव्हती, हॉस्पिटलात रडली नव्हती. डाव्या हातानं डोळे पुसत ती रडत राहिली, आणि वीबे रुमाल घेऊन पुढे झाला, थबकला, आणि रुमाल तिच्या हाताजवळ टेबलावर ठेवून मागे सरला. तेवढं शहाणपण त्याला त्या क्षणी सुचलं.

मार्लूस नावाची थेरपिस्ट दर आठवड्याला घरी यायची. अपघातानं किंवा आजारानं अडलेल्या माणसांना रोजची कामं पुन्हा शिकवायची हे तिचं काम. पुढच्या वेळी ती आली तेव्हा तिनं ओट्यावरची यंत्रं बघितली आणि भुवया उंचावल्या.

"दुकान काढताय की काय?"

"संग्रहालय आहे," रेन्स्के म्हणाली. "तिकीट लावणार आहोत."

मार्लूस हसली आणि तिच्यासमोर बसली. "बाई, मला सांगा, या घरातलं कुठलं काम तुम्हाला परत हवंय? चालणं, जिना, ते व्यायामाचं सोडा. काम सांगा."

वीबे ओट्याशी उभा होता. रेन्स्केनं त्याच्याकडे बघितलं नाही. "बटाटे सोलायचेत," ती म्हणाली. "खिडकीशी बसून."

"एवढंच ना? सोपं आहे," मार्लूस म्हणाली. "एक फळी असते. तिच्यातून खिळे वर आलेले असतात, त्यावर बटाटा खोचायचा. बटाटा हलत नाही आणि एक हात सोलायला मोकळा राहतो. मी मागवते, पण यायला वेळ लागेल. घाई असेल तर कुणीही घरी करू शकतं. गंजणार नाहीत असे खिळे घ्यायचे, आणि खाली रबर लावायचं म्हणजे फळी सरकत नाही."

मार्लूस गेल्यावर वीबे खुर्चीत टेकला. जन्मात त्यानं काही बनवलं नव्हतं. तो आणायचा. घरातला फडताळाचा खिळासुद्धा रेन्स्केनंच ठोकलेला. पण तो उठला, अंगात कोट घातला आणि हार्डवेअरच्या दुकानात गेला.

पहिली फळी मधोमध तडकली. दुसरीत खिळे वाकडे गेले. अंगठ्यावर हातोडी बसली तेव्हा मागच्या अंगणातून त्यानं घातलेल्या शिव्या आल्त्येनं कुंपणापलीकडून ऐकल्या. "वीबे, चर्चमध्ये जाणारा माणूस तू!" ती म्हणाली आणि नवऱ्याचं ड्रिल आणून दिलं. "आधी भोक पाड, मग खिळा घाल. एवढंही ठाऊक नाही? पूल कसा उघडत होतास रे इतकी वर्षं?"

"दांडा ओढून," वीबे अंगठा चोखत म्हणाला.

तिसरी फळी जमली. देखणी नव्हती, एक कड तिरपी गेली होती आणि घासून घासूनही एका बाजूला खडबडीतच राहिली होती. खाली त्यानं सायकलच्या जुन्या ट्यूबचे तुकडे चिकटवले. कुठलीही वायर नाही, बटण नाही. ती हातात घेऊन तो आत आला आणि त्याच्या लक्षात आलं की आपल्या छातीत धडधडतंय. इतकी खोकी त्यानं तिच्यासमोर उघडली, पण असं कधी झालं नव्हतं.

खिडकीशी छोटं टेबल ओढलं. रेन्स्केनं फळी उलटीपालटी करून बघितली, खिळ्याच्या टोकाला बोट लावून बघितलं.

"तू केलीस?"

"हो."

"अंगठ्याला काय झालं?"

"काही नाही."

तिनं बटाटा उचलला आणि खिळ्यांवर दाबला. कचकन बसला. तिनं डाव्या हातात सोलाणं धरलं. डावा हात जन्मभर मदतनीस होता. त्याला हे काम कधी करावं लागलं नव्हतं. पहिली साल जाड निघाली, अर्ध्यावर तुटली. सोलाणं निसटून टेबलावर पडलं. वीबेचा हात आपोआप पुढे गेला.

"वीबे."

"काय?"

"बाहेर जा."

"अगं, मी नुसता..."

"बाहेर जा. फिरून ये. माझ्याकडे बघू नकोस."

तो गेला. कालव्याच्या काठानं वाऱ्यात चालत राहिला. डोळ्यांपुढे सोलाणं निसटताना दिसत होतं, ती खाली वाकताना, पडताना दिसत होती. दोनदा तो परत फिरला आणि दोनदा त्यानं स्वतःला आवरलं. रुमाल घेऊन पुढे धावणं सोपं होतं. कुणी घराबाहेर काढल्यावर बाहेर राहणं, हे त्याला त्या थंडीत पहिल्यांदाच करावं लागलं, आणि ते सगळ्या धुण्याभांड्यांहून जड गेलं.

अंधारून आलं तसा तो घराकडे वळला. खिडकीत दिवा होता. तिनं मान वर करून रस्त्याकडे बघितलं, काचेतून तिला तो दिसला असावा, कारण तिनं सोलाणं धरलेला हात वर केला. आत आला तर पातेल्यात बटाटे होते, थोडेसेच, टोकदार, कुठं कुठं सालीचे ठिपके राहिलेले. वर्तमानपत्रावर सालींचा ढीग मात्र मोठा होता.

"डुकरांना पुरेल एवढं सालींबरोबर गेलं," रेन्स्के म्हणाली. घामानं तिचे केस कपाळाला चिकटले होते. "योहानाच्या मुलीनं नवी सायकल घेतलीय वाटतं. लाल. दोनदा गेली इथून."

वीबेनं पातेलं शेगडीवर ठेवलं. पाणी तिनंच ओतलं. त्या रात्री दोघांनी ते बटाटे रश्शात कुस्करून खाल्ले, आणि वीबेनं दुसऱ्यांदा वाढून घेतले.

हिवाळाभर ती रोज खिडकीशी बसली. साली पातळ होत गेल्या. वीबेनं तिला विचारायला शिकून घेतलं, आणि त्याहून अवघड म्हणजे तिचं उत्तर येईपर्यंत थांबायला. बटणं ती स्वतः लावू लागली. कधी कधी एकच बटण लागेपर्यंत तो सगळं वर्तमानपत्र वाचून संपवायचा. मार्लूसनं फळी बघितली आणि तशीच एक दुसऱ्या एका रुग्णासाठी करून द्याल का, असं विचारलं. वीबेनं करून दिली. मग आणखी एक. आल्त्येच्या नवऱ्याचं ड्रिल बहुधा याच घरात मुक्कामाला असायचं. पावाचं यंत्र, सुरी, बटाट्यांचं यंत्र, वॅफलचं यंत्र, सगळी जुन्या वस्तूंच्या दुकानात देऊन झाली. अंड्याचं यंत्र ओट्यावर राहिलं. ते का राहिलं, आणि यातलं काय खरंच कामाचं निघेल हे आधीच कळलं असतं का, यावर वीबेनं पुष्कळ विचार केला आणि शेवटी सोडून दिला.

मार्च उजाडला तेव्हा एका सकाळी तो कॉफी घेऊन आला तर रेन्स्के टेबलावर एक कॅटलॉग पसरून बसली होती. डाव्या हाताचं बोट एका चित्रावर ठेवलं होतं.

"हे काय असतं?"

वीबेनं चष्मा लावला. तीन चाकांची सायकल होती, बसायला पाठीची सीट, मागे टोपली, आणि चाकात बॅटरीवर चालणारी मोटर.

"विजेची सायकल," तो म्हणाला. "आताशा सगळे घेतायत. दोन-चार वर्षांत खूळ जाईल बघ."

"मला हवी आहे."

वीबेनं चष्मा काढला. या बाईनं त्याच्या अख्ख्या संसारात एक यंत्र मागितलं नव्हतं.

"अगं, पण किती दिवस चालवशील? महिनाभर हौस, मग ही ठेवायची कुठं? जिन्याखाली तर मावणार नाही."

"असं बोलतात होय?" रेन्स्के म्हणाली. "मी बोलायचे तेव्हा तुला असंच वाटायचं का रे?"

"असंच."

"मग बरं झालं, तुलाही कळलं. मार्लूसला विचारलंय मी. दोन्ही ब्रेक एका दांड्याला जोडून मिळतात, डाव्या हातासाठी. मला बहिणीकडे जायचंय, वीबे. गाडीत बसवून पोचवलेली नको. माझी मी जायचंय."

सायकल एप्रिलमध्ये आली. पहिले काही दिवस ती फक्त गल्लीत फिरली, आणि वीबे शेजारून चालला, हात पुढे न करता. मग एका रविवारी दोघं गावाबाहेर पडले. बांधावरचा सरळ रस्ता, दोन्ही बाजूंना कुरणं, आणि समोरून वारा, तिथला नेहमीचा, छातीवर हात ठेवून मागे लोटणारा. वीबे त्याच्या जुन्या साध्या सायकलवर पुढे वाकून पायडल मारत होता. रेन्स्केनं बटण दाबलं आणि ती निघाली.

"थांब की जरा!" तो ओरडला.

तिनं मान वळवली नाही. उजवा हात मांडीवर होता, डावा दांड्यावर, डोक्यावरचा स्कार्फ वाऱ्यानं मागे फुगला होता. तिनं फक्त घंटी वाजवली, दोनदा. वीबे धापा टाकत, हसत, तिच्या मागे निघाला.